पीयूसी पास, तरी चेक इंजिनचा दिवा? ‘पंप गेला’ म्हणण्याआधी हे तपासून घ्या

उज्जैन : महाकालाची भस्म आरती पहाटे चारची. दर्शन गाठायचं म्हणजे लॉजवरून दोन-अडीचलाच निघावं लागतं. त्या वेळी गल्लीबोळात रात्रभर उभ्या असलेल्या गाड्या एकामागून एक सुरू होतात. एमपी-१३ सोबत एमएच-१८, एमएच-१९, एमएच-३९ अशा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या पाट्याही त्यात भरपूर दिसतात. गाडी सुरू झाली की पहिला मिनिटभर कच्च्या पेट्रोलचा वास नाकात जातो, नंतर तो कमी होतो. काही गाड्यांचा मात्र कमी होत नाही. अशा एखाद्या गाडीच्या मीटरवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो आणि गाडीवाला सांगतो, ‘पीयूसी आहे ना आपल्याकडे, आताच काढली.’

पीयूसी खरी असते आणि दिवाही खराच असतो. दोन्ही एकाच वेळी कसं, हे समजून घेतलं तर गॅरेजमध्ये होणारा मोठा खर्च वाचू शकतो. हा प्रश्न येतो तो मुख्यतः ‘सेकंडरी एअर’ नावाच्या यंत्रणेत बिघाड झाला की.

ही यंत्रणा करते काय?

थंड इंजिन सुरू होताना त्याला जास्त पेट्रोल लागतं. सगळं पेट्रोल आत जळत नाही. उरलेलं सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि हायड्रोकार्बन, म्हणजे अर्धवट जळालेलं इंधन, दोन्ही असतात. हे साफ करायचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. पण कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. म्हणजे धूर सर्वात घाण असतो त्याच मिनिटाला साफ करणारा झोपलेला असतो.

यावर उपाय म्हणून काही गाड्यांत विजेवर चालणारा छोटा हवेचा पंप बसवतात. थंड इंजिन सुरू झालं की हा पंप बाहेरची ताजी हवा थेट एक्झॉस्टच्या तोंडाशी फुंकतो. उरलेलं पेट्रोल तिथेच जळतं, त्या उष्णतेने कन्व्हर्टर लवकर तापतो. साधारण अर्धा ते दीड मिनिट चालून पंप बंद होतो. पंप आणि इंजिनच्या मध्ये एक व्हॉल्व्ह असतो. पंप चालू असताना तो उघडतो, नंतर घट्ट बंद होतो. गरम धूर उलटा पंपाकडे येऊ नये, हे त्याचं काम.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकातच कॅलिफोर्नियाच्या धुरावर तोडगा म्हणून गाड्यांत हवेचे पंप आले.

तुमच्या गाडीत हा पंप आहे का?

हा प्रश्न सर्वात आधी विचारा. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत असा विजेचा पंप नसतो. तो प्रामुख्याने मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, फोक्सवॅगन अशा कंपन्यांच्या काही जुन्या पेट्रोल मॉडेलमध्ये आढळतो. या गाड्या सीमाभागात आता बऱ्याच दिसतात. दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. मोठी गाडी स्वस्तात मिळते म्हणून माणूस घेतो, नंतर दिवा लागतो.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्यात सेकंडरी एअर पंपाचा उल्लेख आहे का, ते बघावं. लहान गाडी पीयूसीत नापास झाली आणि कोणी ‘एअर पंप बदलावा लागेल’ म्हणालं, तर आधी पंप कुठे आहे ते बोट लावून दाखवायला सांगावं.

मग पीयूसीत तो का सापडत नाही?

पीयूसी सेंटरवर गाडी चालवत नेलेली असते, म्हणजे इंजिन गरम असतं. नळी सायलेन्सरमध्ये घालून धूर मोजतात तेव्हा पंप केव्हाच बंद झालेला असतो. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम अशी मर्यादा आहे. इंजिनचा वेग साधारण २५०० आरपीएमवर नेऊन कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. लॅम्बडा म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना आयडलवर ०.५ टक्के आणि ७५० पीपीएमची सूट आहे.

म्हणून नुसता पंप बंद पडलेला असेल तर गाडी पीयूसीत पास होऊ शकते. पीयूसीवाल्याने काही गडबड केली असं त्यातून सिद्ध होत नाही. ती चाचणी गरम इंजिनाची आहे आणि हा बिघाड थंड इंजिनाचा. त्रास होतो तो पहाटे गल्लीत, मागे उभ्या असलेल्या माणसाला.

उलट प्रकारही घडतो. पंपाचा व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर गरम इंजिनातही बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये शिरत राहते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, इंधन कमी पडतंय. गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, लॅम्बडा बिघडू शकतो, कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतो. अशी गाडी मग पीयूसीतही अडकते.

अमेरिकेत अनेक राज्यांत गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडूनच चाचणी होते. तिथे चेक इंजिनचा दिवा चालू असेल तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा दिवा टेस्टच्या आधी घालवावाच लागतो. आपल्याकडे पीयूसीत दिवा बघत नाहीत, म्हणून तो महिनोन् महिने तसाच जळत राहतो.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड येतो. या यंत्रणेचे नेहमीचे कोड असे :

• पी०४१० : यंत्रणेत बिघाड
• पी०४११ : हवेचा प्रवाह चुकीचा
• पी०४१२ : व्हॉल्व्हच्या वायरिंगमध्ये दोष
• पी०४१८ : पंपाच्या रिलेच्या सर्किटमध्ये दोष
• पी०४९१ आणि पी०४९२ : इंजिनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या बाजूला हवा कमी पोहोचते
• पी२४४० आणि पी२४४२ : व्हॉल्व्ह उघडा अडकला

यातला एकही कोड ‘पंप बदला’ असं सांगत नाही. पी०४११ चा अर्थ इतकाच की, कॉम्प्युटरने पंप चालू करायला सांगितला, पण ऑक्सिजन सेन्सरला अपेक्षेइतकी हवा दिसली नाही. हवा का आली नाही, ते माणसाने शोधायचं. फ्यूज उडालेला असेल, पाइप फाटलेला असेल, व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा वाटेत कार्बन साचला असेल. ‘भैया, पंप उड गया’ हे वाक्य बोनेट न उघडता ऐकायला मिळालं, तर तिथे थोडं थांबायला हरकत नाही.

तपासणी : स्वस्तापासून महागाकडे

हिशेब सरळ आहे. फ्यूज काही रुपयांचा, पाइप काही शे रुपयांचा, पंप काही हजारांचा. म्हणून क्रमही तोच ठेवायचा.

पहिलं, कान लावा. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी बोनेट उघडून एकाने सुरू करावी, दुसऱ्याने ऐकावं. पंप चालला तर व्हॅक्यूम क्लीनरसारखा घूं आवाज येतो आणि मिनिट-दीड मिनिटात थांबतो. आवाजच नाही, तर वीज किंवा पंप. आवाज घरघर किंवा किंचाळल्यासारखा, तर पंपात पाणी किंवा गंज. आवाज थांबतच नाही, तर रिले चिकटला असण्याची शक्यता, आणि असा पंप जळतो. ही परीक्षा दुपारी करू नका. इंजिनचं तापमान ठरावीक मर्यादेत असेल तरच बहुतेक गाड्या पंप चालू करतात. उन्हात तापलेल्या गाडीत पंप चाललाच नाही, म्हणून तो खराब ठरत नाही.

एक इशारा : ही तपासणी उघड्यावरच करा. बंद गॅरेजमध्ये थंड इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

दुसरं, फ्यूज आणि रिले. या पंपाचा फ्यूज मोठा असतो, बऱ्याच गाड्यांत ४० अँपिअर किंवा त्याहून जास्त. उडालेला असेल तर नवा घालून मोकळं होऊ नका. तो का उडाला, हे बघायला हवं. जाम झालेला पंप जास्त करंट ओढतो आणि फ्यूज उडवतो. रिले तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच नंबरचा, त्याच गाडीतला दुसरा चांगला रिले तात्पुरता लावून बघणं. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तार कधीच घालू नये, वायरिंग पेटू शकतं.

तिसरं, पंपापर्यंत वीज येते का. थंड स्टार्टला पंपाच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. वीज येते, अर्थिंगही ठीक आहे आणि पंप गप्प आहे, तर दोष पंपाचा. वीजच येत नाही, तर पंप निर्दोष असू शकतो.

चौथं, पाइप. पंपाकडून व्हॉल्व्हकडे जाणारा पाइप इंजिनच्या उष्णतेने कडक होतो, चिरतो. पंपाच्या तोंडाचा पाइप काढून थंड स्टार्ट केला तर हाताला हवेचा जोरदार झोत लागला पाहिजे. झोत चांगला असेल तर पंप ठीक, अडचण पुढे आहे.

पाचवं, व्हॉल्व्ह. इथे बहुतेकांची चूक होते. पंपाकडच्या बाजूने पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडात बघा. ती बाजू कोरडी आणि स्वच्छ असायला हवी. तिथे काजळी किंवा ओल दिसली तर व्हॉल्व्ह गळतो आहे. गरम धूर उलटा येतो, पाइपमध्ये त्याचं पाणी होतं, ते पंपात उतरतं आणि पंप गंजतो. अशा गाडीत नुसता पंप बदलला तर काही महिन्यांत नवा पंपही त्याच वाटेने जातो आणि गाडीवाला म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची बारीक नळी आणि सोलेनॉइडही तपासून घ्या. ती नळी फुटली तर व्हॉल्व्ह उघडतच नाही. हातपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर व्हॉल्व्ह उघडतो का आणि व्हॅक्यूम टिकून राहतो का, हे दोन मिनिटांत कळतं.

सहावं, कार्बन. पंप ठीक, व्हॉल्व्ह ठीक, तरी पी०४११ किंवा पी०४९१ परत येतो, तर इंजिन हेडमधल्या हवेच्या बारीक वाटा कार्बनने बुजलेल्या असू शकतात. हे काम अनुभवी मेकॅनिकचंच. त्यासाठी उज्जैनवाल्यांना आणि इथे अडकलेल्या प्रवाशांनाही ५५ किलोमीटरवरचं इंदूर गाठावं लागू शकतं, कारण या कंपन्यांची मोठी वर्कशॉप तिथे आहेत.

कोड पुसून टाकणं हा इलाज नाही. दिवा विझतो, पण पुढच्या काही थंड स्टार्टनंतर कॉम्प्युटर पुन्हा तपासणी करतो आणि दिवा परत लागतो. दुरुस्तीनंतर कोड पुसावा आणि दोन-तीन सकाळी गाडी थंड अवस्थेत सुरू करून बघावी.

बाईकवाल्यांसाठीही हेच

उज्जैन असो की शिरपूर, रस्त्यावर गाड्यांपेक्षा बाईकच जास्त. बऱ्याच बाईक आणि स्कूटरमध्ये हीच यंत्रणा पंपाशिवाय असते. मेकॅनिक तिला ‘एसएआय’ म्हणतात. एक्झॉस्टच्या ठोक्यांनी तयार होणाऱ्या ओढीवर ती हवा घेते, आत एक पातळ पट्टीचा रीड व्हॉल्व्ह असतो. कारपेक्षा फरक असा की बाईकमध्ये ती गरम इंजिनातही, आयडलवरही काम करते. त्यामुळे ती बंद असेल तर पीयूसीचा आकडा थेट वाढतो.

सायलेन्सरमधून फटाके वाजतात म्हणून अनेक जण ही नळी बुजवून टाकतात. ‘पिकअप वाढतो’ असंही कुणीतरी सांगितलेलं असतं. पीयूसीत नापास झाल्यावर मग कार्बोरेटर उघडला जातो. नळी बुजवलेली आहे, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तपासायची रीत सोपी आहे : इंजिन आयडलवर ठेवून हवेची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. बोटाला हलकी, ठोक्याठोक्याची ओढ लागली पाहिजे. ओढीऐवजी गरम धूर बाहेर येत असेल तर रीड व्हॉल्व्ह खराब. हात लावताना सायलेन्सरचा गरम पाइप सांभाळा.

आधी साध्या गोष्टी

पीयूसीत आकडा जास्त आला म्हणजे लगेच सेकंडरी एअरवर जायचं कारण नाही. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर, जुना झालेला कन्व्हर्टर, यातलं काहीही असू शकतं. गाडी अर्धवट गरम असताना टेस्ट केली तरी आकडा चढतो. सेंटरवर जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून न्यावी.

२०२१ पासून देशभर पीयूसीचा नमुना एकच झाला आहे. त्यावर क्यूआर कोड असतो आणि माहिती वाहन डेटाबेसमध्ये जाते. म्हणून धुळ्यात काढलेली पीयूसी सेंधव्याच्या घाटापलीकडेही चालते. गाडी नापास झाली तर नकाराची स्लिप मिळण्याची तरतूदही तेव्हापासून आहे. ती मागून घ्या. त्यावरचा आकडा मेकॅनिकला दाखवला तर तपास अंधारात होत नाही. कार्बन मोनॉक्साइड जास्त की हायड्रोकार्बन जास्त, यावरून कामाची दिशा ठरते.

नवी गाडी पहिलं वर्ष पीयूसीतून मोकळी असते. त्यानंतर जुन्या टप्प्यातल्या गाड्यांना सहा महिन्यांची, तर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षभराची पीयूसी मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार धुराचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरू शकतं. जागेवर आकारला जाणारा दंड राज्यागणिक वेगळा असतो. विमा नूतनीकरणासाठी पीयूसी सक्तीची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घातली होती, ती २०२४ मध्ये मागे घेतली. तरी गाडीत चालू पीयूसी ठेवण्याची सक्ती कायम आहे.

गाडी न नेता पीयूसी काढून देणारेही सापडतात. त्यातून कागद मिळतो, पण पी०४११ तसाच राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर तो आज पंप खातो, उद्या कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरची किंमत पंपाहून कितीतरी जास्त आहे.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. शिंदेशाहीपासून इथे मराठी घरं आहेत आणि खानदेशातून येणाऱ्या गाड्यांची रांग तर बारमाही असते. शिरपूर-सेंधवामार्गे येवोत की रावेर-बऱ्हाणपूर-ओंकारेश्वरमार्गे, त्या गाड्या रात्री लॉजसमोरच्या अरुंद गल्लीत उभ्या राहतात. पहाटे सुरू होतात तेव्हा शेजारी चहाची टपरी असते, ओट्यावर झोपलेली माणसं असतात, आंघोळ करून निघालेली म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात.

निघण्याआधी एवढं करा :

• गाडीत हा पंप आहे की नाही, मॅन्युअलमध्ये बघा.
• एक दिवस सकाळी, उघड्यावर, थंड गाडी सुरू करून मिनिटभर ऐका.
• दिवा असेल तर कोड लिहून घ्या, पुसू नका.
• फ्यूज, रिले, वीज, पाइप, व्हॉल्व्ह, मग पंप, हा क्रम मेकॅनिकला सांगा.
• पंप बदलायची वेळ आलीच, तर जुना पंप मागून घ्या आणि आत पाणी किंवा गंज आहे का बघा. असेल तर व्हॉल्व्हही बदलून घ्या.
• दुरुस्तीनंतर गाडी गरम करून पीयूसी काढा आणि त्यावरचे आकडे मागच्या पीयूसीशी ताडून बघा.